शेषविलासकडे पाच रुपये येणे

चूक प्रभंजनची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं शेषगिररावांना इतकी बोलणी बसणार आहेत, की त्या गर्दीत याची चूक कुणाच्या लक्षातच राहायची नाही. प्रभंजन कोण, कुणाचा, हे खोदून विचारू नये. प्रस्तुत लेखकाच्या तो फार जवळचा आहे, एवढं पुरे.

हुबळी स्टेशनातून बाहेर पडून टांगेवाल्यांच्या तावडीतून सुटलं की समोर 'शेषविलास उतारूगृह' अशी पाटी दिसे. मराठीत एक, कानडीत एक. बारा खोल्या, मागं विहीर, पुढं सोपा, आणि सोप्यावर एका उतरत्या डेस्कामागं प्रभंजन. वय बावीस, मॅट्रिकला दोनदा बसलेला, दुसऱ्यांदा पास झालेला, आणि त्यामुळं लिहिलेल्या अक्षरावर नको इतका विश्वास ठेवणारा. पगार पंधरा रुपये आणि दोन वेळचं जेवण.

मालक शेषगिरराव यांचा एकच देव होता, तो म्हणजे अनामत. उतारू आला की आधी अनामत, मग किल्ली, मग पाणी. पुरुषाला दोन रुपये आणि एकट्या बाईला पाच. "बाईमाणूस एकटं हिंडतंय म्हणजे काहीतरी भानगड असणारच," असं त्यांचं शास्त्र. अनामत घेतली की पावती द्यायची. उतारू निघाला की पावती परत घेऊन तारेच्या खिळ्याला टोचायची, वहीत 'परत दिली' असं लिहायचं आणि सगळ्यांत शेवटी गल्ल्यातून पैसे काढायचे. पूर्वी कुणी गदगचा बेपारी पैसे खिशात टाकून पावती न देताच पळाला होता, तेव्हापासून हा क्रम ठरलेला. क्रम मोडला की शेषगिरराव नुसते बघायचे. त्यांचं बघणं शिव्यांपेक्षा वाईट.

सन बत्तीसच्या मार्गशीर्षात, एका मंगळवारी सकाळी, सात नंबरच्या यमुनाक्का खाली उतरल्या. मिरजेच्या लुगड्यांच्या व्यापाऱ्याची विधवा. नवरा गेल्यावर दिरांनी दुकान गिळलं, तेव्हा या बाईनं हुबळीच्या मागांवरची इरकली लुगडी घ्यायची आणि मिरज-सांगलीला दारोदार विकायची असा धंदा धरला. महिन्याला एक खेप. उंच, काटकुळ्या, आवाज असा की बोलल्या की टांग्याचा घोडा कान टवकारी. दोन गाठोडी हमालाच्या डोक्यावर, गाडीला अर्धा तास.

प्रभंजननं पावती घेतली. खिळ्याला टोचली. वहीत यमुनाबाईंच्या नावापुढं झोकदार अक्षरात 'परत दिली' लिहिलं. आणि गल्ल्याकडं हात नेतो न नेतो तोच मागून अकरा नंबरवाला ओरडला, "अहो, हंड्यात पाणी नाही, अंगाला साबण लावून उभा आहे मी!" प्रभंजन उठला. गडी कुठं दिसेना, म्हणून स्वतःच दोन घागरी ओढून दिल्या. परत येऊन बसला तर यमुनाक्का समोर.

"आण रे पाच रुपये. गाडी जायची."

त्यानं वहीत पाहिलं. वहीत 'परत दिली' होतं. स्वतःच्या हाताचं, शाईही पुरती न वाळलेलं. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मॅट्रिक झालेल्याला येत नाही.

"अक्का, दिले की तुम्हांला."

"मला? कधी?"

"वहीत आहे बघा."

एवढ्यात शेषगिरराव आतून सोवळ्याची गाठ सोडतच आले. खिळा पाहिला, वही पाहिली. दोन्ही जागच्या जागी. सोप्यावर तेव्हा आठ उतारू होते. कुणी दाढी करून घेत होता, कुणी चहाची वाट पाहत होता. शेषगिररावांना आठ माणसं म्हणजे सभाच.

"बाई," ते म्हणाले, "एकटीनं गावं हिंडायची हौस असते एकेकीला, ती आम्ही पुरवतो. पण एकच अनामत दोनदा न्यायची हौस आम्ही पुरवत नाही. चोरीची सवय असली तर दुसरं उतारूगृह बघा."

कुणीतरी फस्सकन हसलं. यमुनाक्कांनी मालकाकडं पाहिलंच नाही. त्या प्रभंजनकडं पाहत होत्या.

"तू सांग. माझ्या हातावर ठेवल्याचं आठवतंय तुला?"

प्रभंजनला आठवत नव्हतं. पण मालक बघत होते.

"वहीत आहे," तो म्हणाला.

यमुनाक्कांनी आवाज चढवला नाही. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. कोपऱ्यातला तांब्या उचलला, वरून घोटभर प्याल्या, मग तो हातात फिरवून त्याच्या पोटावर घातलेलं नाव सावकाश वाचलं: 'शेषविलास उतारूगृह, हुबळी'. पुन्हा एकदा वाचलं. तांब्या जागेवर ठेवला आणि गाठोड्यांमागं चालू लागल्या.

दुपारी गल्ला मोजताना पाच रुपये जास्त निघाले.

प्रभंजननं ते पुन्हा मोजले. तो धावतच आत गेला. "अण्णा, त्या बाईंचे पैसे गल्ल्यातच आहेत. माझीच चूक. मिरजेला मनिऑर्डर करूया का?"

शेषगिररावांनी पाच रुपये घेतले, कनवटीला लावले. "आठ माणसांत मी चोर म्हटलं. आता मनिऑर्डर केली तर चोर कोण ठरलं?"

"पण अण्णा..."

"वही फिरवायची नाही. आणि नोकरी हवी असली तर तोंडही उघडायचं नाही."

नोकरी हवी होती. तोंड उघडलं नाही.

*

तीन महिने यमुनाक्का दिसल्या नाहीत. मध्ये म्हणे त्या धारवाडला मळमड्डीतल्या एका वकिलाकडं जाऊन आल्या. पाच रुपयांच्या दाव्याला वकील पंधरा मागत होता. त्यांनी त्याच्याकडून फुकटात एकच गोष्ट विचारून घेतली, ती पुढं येईल.

गुढीपाडव्याला शेषविलासच्या बरोबर समोर, धान्याच्या बखारीच्या वरच्या मजल्यावर नवी पाटी लागली. 'यमुनाबाईंचं उतारूघर. अनामत घेतली जात नाही.'

शेषगिरराव पोट धरून हसले. "अनामत नाही? महिन्याभरात उतारू हिच्या दाराच्या कड्या काढून नेतील."

कड्या कुणी नेल्या नाहीत. तांबे मात्र नेले.

त्या तांब्यांची हकीगत अशी. आपल्याकडं लग्नात भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव, सासरचं गाव, साल, सगळं घालतात, नाहीतर कुणी दिलं हे कळणार कसं? हे काम दुर्गदबैलच्या बाजारातला नागोजी कासार करी. अक्षराला एक पै. यमुनाक्का त्याच्याकडं बारा तांबे आणि एक कागद घेऊन गेल्या. नागोजीनं कागद वाचला आणि हातोडी खाली ठेवली.

"अक्का, हे नाव नाही, ही फिर्याद आहे."

"फिर्याद असती तर कोर्टात गेले असते. तू घाल."

"लांब आहे. नुसतं 'शेषविलासकडे पाच येणे' घालू का? स्वस्त पडेल."

"पुरतं घाल. एका अंगाला मराठीत, दुसऱ्या अंगाला कानडीत. एक अक्षर गाळलंस तर त्याची पै देणार नाही."

आणि त्यानं पुरतं घातलं: 'ग. भा. यमुनाबाई यांचे अनामतीचे रु. ५, मालक शेषविलास, हुबळी, यांजकडे येणे. शके १८५४.'

समोरच्या घरात उतारू आला की यमुनाक्का किल्लीबरोबर एक तांब्या त्याच्या हातात देत. "मी तुमच्याकडून अनामत घेत नाही. ही माझीच तुमच्याकडं समजा." उतारू खोलीत जाई, पाणी पिई, आणि पिता पिता वाची. वाचून झालं की सज्जात येऊन समोर बघे. समोर शेषविलासची पाटी.

पहिल्याच आठवड्यात एक कापसाचा दलाल तांब्या घेऊन थेट शेषविलासच्या सोप्यावर आला. "एन्री, हे पाच रुपये म्हणजे काय भानगड?" शेषगिररावांनी तांब्या हातात घेतला. आधी मराठी वाचलं, मग कानडी, जणू कानडीत काही वेगळं निघेल. मान वर केली ती लाल होऊनच. त्यांनी चप्पल घातली आणि धारवाडची गाडी धरली. बदनामीचा दावा करायचा होता.

संध्याकाळी परत आले ते मऊ होऊन. वकिलानं सांगितलं होतं, ती तुम्हांला चोर म्हणत नाही, येणं आहे म्हणते. येणं नाही असं दाखवायचं तर वही कोर्टात न्यावी लागेल आणि कारकुनाला शपथेवर उभं करावं लागेल. तोच वकील. तोच सल्ला. यमुनाक्कांनी फुकटात विचारून घेतलेली गोष्ट हीच.

शेषगिररावांनी प्रभंजनकडं पाहिलं. प्रभंजननं वहीकडं पाहिलं. दाव्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

*

यमुनाक्कांच्या घरातले तांबे चोरीला जात. महिन्याला सात-आठ तरी. नागोजीला वाटलं, बाई आता थांबेल. तो एकदा म्हणालाही, "अक्का, लोक भांडी पळवतात तुमची."

"पळवू देत की. मला टपाल परवडत नाही."

खोलीमागं एक आणा जास्त घेऊन त्या तांब्यांची किंमत काढत. चोरलेले तांबे गदगला गेले, बेळगावला गेले, एक गोकर्णाच्या धर्मशाळेत निघाला. शिवाय लुगड्यांच्या ओळखीवर त्या लग्नांना जात, आणि आहेर म्हणजे पातेली, पराती, घंगाळं. आणि प्रत्येकाच्या बुडाशी तीच ओळ. नव्या नवऱ्या सासरी जाऊन ती घासत आणि घासता घासता पाठ करत. चार वर्षांत शेषविलासच्या बारा खोल्यांपैकी पाच भरल्या तरी शेषगिरराव देवापुढं नारळ ठेवू लागले. अनामत मागितली की नवा उतारू हसून म्हणे, "परत देता ना हो?"

प्रभंजनला वाटे, एकदा रस्ता ओलांडावा आणि सांगून टाकावं. रस्ता काही फार रुंद नव्हता. वीस पावलं. चार वर्षांत त्याच्यानं ती वीस पावलं झाली नाहीत. यमुनाक्का सज्जात तांदूळ निवडत बसत. त्यांची नजर इकडं वळली की हा वहीत डोकं घाली. वहीत काही लिहायचं नसलं तरी.

*

छत्तीस साली शेषगिररावांनी मंगलाचं लग्न काढलं. एकुलती मुलगी, गोरी, शांत, बापावर गेलेली नव्हती हे तिचं भाग्य. स्थळ मिरजेचं. मुलगा रेल्वेत, वडील बाळाचार्य, मोठे वैदिक. हुंडा सहाशे ठरत आला होता. बाळाचार्य स्वतः बोलणी पक्की करायला हुबळीला आले. शेषविलासच्या सोप्यावर जाजम अंथरलं, पानाचं तबक आलं.

सगळं गोडीत चाललं होतं. मग बाळाचार्यांनी आपल्या झोळीतून एक कापडात गुंडाळलेली वस्तू काढली आणि जाजमावर ठेवली. तांब्या.

"आमच्या पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी हुबळीहून आणला," ते शांतपणे म्हणाले. "कसा आणला ते त्याला विचारलं नाही. आम्ही रोज त्यातून आचमन करतो. रोज वाचतो."

शेषगिररावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "आचार्य, ती बाई खोटारडी आहे."

"असेल. पण पाच रुपयांचं घोंगडं चार वर्षं भिजत पडतं, तिथं सहाशेचं काय व्हायचं, ही शंका आम्हांला येते. दोनांतलं एक करा. त्या बाईंचा हिशेब मिटवून या. नाहीतर निम्मा हुंडा लग्नाआधी आमच्याकडं अनामत ठेवा. आम्ही पावती देऊ."

आयुष्यभर दुसऱ्याकडून अनामत घेणाऱ्याला हा शब्द असा समोरून आला तेव्हा शेषगिरराव दोन वेळा खाकरले. प्रभंजन खांबामागं उभा होता. त्याला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. कुठलं आधी आवरावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषगिररावांनी ट्रंकेतून बत्तीस सालची वही काढली, प्रभंजनच्या काखेत दिली आणि म्हणाले, "चल."

त्यांनी रस्ता ओलांडला. वीस पावलं. प्रभंजननं मोजली.

वर यमुनाक्का तांदूळच निवडत होत्या. उठल्या नाहीत. "या. नाव-गाव लिहा आधी. खोली हवी?"

"खोली नको," शेषगिरराव म्हणाले. पाच रुपये त्यांनी सुपाशेजारी ठेवले. "हे घ्या, अक्का. झालं गेलं विसरा. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"कसले हे?"

"तुमचे. अनामतीचे."

"पण ते तर तुम्ही परत दिलेत. वहीत आहे."

यमुनाक्कांनी मान वळवली. "तू काय म्हणतोस रे?"

प्रभंजननं तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. "थांब. तेव्हा आठ माणसं होती." त्यांनी आत बसलेल्या उतारूंवर नजर फिरवली. "सहाच आहेत इथं." मग सज्जातून खाली ओरडल्या, "हमाल, वर या रे दोघं! पानसुपारी देते." दोन हमाल जिने चढून आले. आठ झाले. यमुनाक्का ताठ बसल्या.

"हं. बोल आता."

आणि प्रभंजननं सांगितलं. खिळा, वही, अकरा नंबरचा साबण, दोन घागरी, दुपारचा गल्ला, कनवट. काही गाळलं नाही. आठही जणांना ऐकू गेलं. एक हमाल कानडीत म्हणाला, "अय्यो, म्हणजे बाईनं घेतलेच नव्हते!"

"घेतलेच नव्हते," यमुनाक्का म्हणाल्या. इतकं हळू बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. पदरानं त्यांनी डोळ्यांत गेलेला कोंडा काढला. कोंडाच असावा. आणि मग पाच रुपये बोटानं सरकवत शेषगिररावांच्या पायापाशी नेले.

"हे उचला."

"म्हणजे?"

"घ्यायचे नाहीत मला. हे घेतले तर माझी तीनशे भांडी खोटी पडतील. गदगला, सांगलीला, मिरजेला लोकांच्या देवघरांत आहेत ती. मी खोटारडी नाही, शेषगिरराव. येणं आहे म्हणून लिहिलंय, तर येणं राहिलंच पाहिजे."

"पन्नास देतो, अक्का!"

"पन्नास माझे नाहीतच. मला चोरीची सवय नाही."

शेषगिररावांनी हात जोडले. त्या हातांकडं यमुनाक्कांनी बराच वेळ पाहिलं, चवीनं. लुगड्याचा पोत पाहावा तसं. मग म्हणाल्या, "आचार्यांना सांगा, बाई पैसे घेत नाही. आणि ठेवा त्यांच्याकडं अनामत. ते पावती देतात, माणूस चांगला आहे. प्रभंजन, वही उघड."

त्यानं वही उघडली. चार वर्षांपूर्वीचं झोकदार अक्षर तसंच होतं.

"खोड ते. आणि खरं लिही."

प्रभंजननं 'परत दिली' खोडलं आणि वर लिहिलं, 'देणे बाकी'. शेषगिररावांना सही करावी लागली. साक्षीला आठ जण. हमालांनी अंगठे उमटवले आणि मोठ्या खुशीत पानसुपारी घेतली.

खरा फास तिथंच होता, आणि तो शेषगिररावांना घरी गेल्यावर कळला. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजायची, आणि मागची सगळी येणीदेणी मालकानं स्वतःच्या हातानं पुढं ओढून घ्यायची, अशी त्यांच्या घरची तीन पिढ्यांची रीत. गंध-अक्षता वाहिलेल्या कोऱ्या पानावर, 'श्री'च्या खाली पहिली ओळ कुणाची? जुनी म्हणून तीच: ग. भा. यमुनाबाई, रु. ५ देणे.

लग्न झालं. निम्मा हुंडा मिरजेला आधी गेला, त्याची पावती आली. यमुनाक्कांचा आहेरही आला, एक मोठं घंगाळ. शेषगिररावांनी ते मांडवाआड नेऊन उलटंपालटं केलं, बुड पाहिलं, कड पाहिली, आत डोकं घालून पाहिलं. त्यावर एवढंच होतं: 'चि. सौ. कां. मंगला हिस'. दुसरं काही नाही. त्यांचा विश्वास बसेना. म्हणून मंगला सासरी जाईपर्यंत ते घंगाळ त्यांनी आणखी दोनदा तपासलं.

प्रभंजननं शेषविलासची नोकरी त्याच महिन्यात सोडली. धारवाडला एका शाळेत मुलांना शुद्धलेखन शिकवायला लागला. निरोप घ्यायला तो यमुनाक्कांकडं गेला तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला, आणि पाण्याला एक तांब्या. त्यानं सवयीनं फिरवून पाहिला. कोरा. एका अंगाला नाही, दुसऱ्याही अंगाला नाही.

"हा नागोजीकडं न्यायचा राहिला वाटतं, अक्का."

"राहिला नाही. ठेवलाय. तुझा आहे तो."

"मी काय देणं लागतो?"

"चार वर्षं वीस पावलं लागतोस. त्याचे किती धरायचे ते ठरलं नाही अजून. ठरलं की अक्षरं घालून घेईन. तोवर पी."

तो प्याला. अजूनही हुबळीला गेला की तिथंच उतरतो, आणि यमुनाक्का तोच तांब्या पुढं करतात. दर पाडव्याला शेषगिररावांच्या नव्या वहीत पहिली ओळ उमटते. ह्या पाडव्यालाही उमटली. आणि प्रभंजन दर खेपेला पाणी पिण्याआधी तांब्या उजेडाला धरून फिरवून बघतो. परवापर्यंत कोराच होता.